संघर्षचा कागदी कप

लोहाऱ्यात संघर्ष नगराळेच्या अभिनंदनाचे जेवढे फ्लेक्स लागले, ते सगळे मी छापले. त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायचा पहिला हक्क माझा आहे असं मी समजतो. बाकीचे लोक काहीही सांगतात. कोणी म्हणतो, तो माझ्याच बाकावर बसायचा. कोणी म्हणतो, त्याचा गळा बघून मी तेव्हाच ओळखलं होतं. ज्यांनी त्याला आयुष्यात कधी 'बस' म्हटलं नाही ते आता त्याचे काका झाले आहेत. मी काका नाही. एमआयडीसीच्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे, नाव चारुदत्त, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत शुभेच्छुकांचे चेहरे बसवून बसवून माझा माणसांवरचा विश्वास बराच कमी झालेला आहे.

संघर्षचा आवाज मला त्याच्या आधी भेटला. त्याची आई दीपमालाताई अंगणवाडीत सेविका. एका जयंतीला पोरगं स्टेजजवळ घुटमळत होतं म्हणून कोणीतरी त्याच्या हातात माइक दिला आणि सांगितलं, 'एका लहान मुलाची चप्पल सापडली आहे' एवढं बोल. पोरानं ते सांगितलं, मग चप्पल कोणत्या रंगाची, अंगठा कसा तुटलेला, ती घालणारा पोरगा घरी गेल्यावर काय मार खाणार, हेही सांगितलं. लोक हसायला लागले. माइक परत घ्यायला दोन माणसं लागली. मी गर्दीत मागे उभा होतो, मला चेहरा दिसला नाही, पण आवाज ध्यानात राहिला.

बारावीनंतर तो उकंडाकाकांच्या ऑटोवर लागला. उकंडाकाकांचा ऑटो म्हणजे पुढे एक भोंगा, मागे एक भोंगा, आणि मधे पडदा लावून बसलेला बोलणारा. साड्यांचा सेल, नळाची वेळ, आरोग्य शिबिर, कोणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार, सगळं त्या पडद्यामागून गावाला कळायचं. आधीचे बोलणारे कागदावर असेल तेवढं वाचत. संघर्षला कागद पुरत नसे. बकरी हरवल्याची साधी सूचना असायची, ती याच्या तोंडून अशी यायची:

"कळविण्यात येते की बकरी हरवली,
काल संध्याकाळी भाजीपाल्यात शिरली,
सापडली त्यानं सांगून टाका,
मटणाच्या वासानं गल्ली भरली!"

ज्याची बकरी होती तो चिडला, ज्याच्या गल्लीतून वास येत होता तो त्याहून चिडला, पण बाकीचा गाव खूश झाला. ऑटो आला की बायका दारात येऊन उभ्या राहायला लागल्या. उकंडाकाका ऑटो मुद्दाम हळू चालवू लागले.

अशा सूचनांचीच मग त्यानं गाणी केली. ऑटोलाच चारी बाजूंनी चादरी बांधल्या, आत बसून मोबाइलवर आवाज भरला, ठेका कोण्या मित्रानं लॅपटॉपवर करून दिला. अल्बमचं नाव 'कळविण्यात येते की'. मी फुकटात कव्हर करून दिलं आणि अक्षरं पिवळी ठेवली, कारण काळ्यावर पिवळं लांबून दिसतं. पुढे जे झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. बकरीचं गाणं चाललं, नळाचं चाललं, आणि 'पहिले तोंड धू' हे गाणं तर असं सुटलं की लग्नात, गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, जिकडं जावं तिकडं तेच.

"पहिले तोंड धू, मंग चहा घे,
रातभर राबला, उजेडात ये!"

आता इथं तुळसाबाईची ओळख करून द्यायलाच पाहिजे, कारण हे वाक्य तिचं आहे.

एमआयडीसीच्या फाटकासमोर तुळसाबाईची चहाची टपरी. कापसाच्या जिनिंगमधली पोरं सकाळी रात्रपाळी संपवून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर, मिशीवर, कानांत रुई चिकटलेली असते. वीस वर्षांचं पोरगं म्हातारं दिसतं. ही पोरं टपरीवर आली की तुळसाबाई चहाला हात लावायच्या आधी बादलीकडे बोट दाखवायची. "पहिले तोंड धू. मंग चहा घे. रुई गिळून राह्यला का चहा पिऊन राह्यला, समजते का तुले?" बादली, तांब्या आणि खांबाला बांधलेला पंचा, हे तिनंच ठेवलेलं. कोणी आळस केला तर त्याच्या आईपर्यंत जायची. शिव्या फार घाण नसायच्या, पण लागायच्या बरोबर जागेवर.

टपरीचा आणखी एक कायदा होता. अनोळखी गिऱ्हाइकाला कागदी कप. रोजच्या माणसाला काचेचा ग्लास, आणि तो ज्याचा त्यानं विसळून उपडा घालायचा. ग्लास विसळायला लागणं म्हणजे तुम्ही घरचे झालात. मला ग्लास मिळायला चांगली दोनेक वर्षं लागली. संघर्षला लहानपणापासून होता, कारण अंगणवाडीतून परतताना दीपमालाताई तिथंच टेकायच्या आणि हा त्यांच्या ग्लासातलं प्यायचा. मोठा झाल्यावर सकाळचा ऑटोही तो आणि उकंडाकाका तिथंच लावत. ते गाणं त्याला सापडलं ते असं, पडद्यामागे बसून, ऐकून.

हिट झाल्यावर टपरीचे हाल सुरू झाले. अमरावतीहून, नागपूरहून पोरं गाड्या काढून यायची. चेहरे स्वच्छ, केसांना जेल, हातात मोबाइल. "मावशी, एकदा म्हणा ना, पहिले तोंड धू!" एक जोडपं तर लग्नाआधीचे फोटो काढायला आलं, नवऱ्या मुलाला बाईनं रागवावं आणि नवरीनं हसावं, अशी त्यांची कल्पना होती. सुरुवातीला तुळसाबाई गमतीनं म्हणाली असेल एकदोनदा. मग तिला कंटाळा आला. मग राग आला. आणि मग एक दिवस ती माझ्या दुकानात आली.

"चारूभाऊ, एक पाटी छापून दे."

"काय लिहू?"

"लिही, इथं चहा भेटन. बोलणं भेटन नाही."

मी म्हटलं, जरा शुद्ध करू का? 'येथे फक्त चहा मिळेल' असं?

"तुहं शुद्ध तुह्या घरी ठेव. मी सांगतो तसं लिही."

सवयीनं मी विचारलं, फोटो कोणता टाकू? माझ्या दुकानात फोटोशिवाय फ्लेक्स जात नाही.

"केटलीचा टाक," ती म्हणाली.

फ्लेक्स लागला. त्या दिवसापासून तुळसाबाई खरोखरच गप्प झाली, आणि फक्त पाहुण्यांशी नाही, सगळ्यांशी. जिनिंगची पोरं यायची, ती चहा द्यायची, पैसे घ्यायची, दुसरीकडे बघायची. बादली होती, पंचा होता, पण तोंड धू म्हणणारं कोणी नव्हतं. काही पोरं तशीच रुईसकट चहा प्यायला लागली. मला ते पाहून वाईट वाटायचं. मी काही हळवा माणूस नाही, पण वाईट वाटायचं.

गाणी गाजल्यावर एका कंपनीनं संघर्षला पुण्याला बोलावून घेतलं होतं; तिथून तो आला तेव्हा आधी टपरीवरच गेला. मी तिथं होतो. त्यानं वाकून नमस्कार केला. तुळसाबाई म्हणाली, "या संघर्षभाऊ. बसा." आणि कागदी कपात चहा दिला.

लोकांना वाटलं, केवढा मान! ज्या पोराला ती 'संघर्ष्या' म्हणायची, त्याला अहो-जाहो करते. संघर्षला मात्र कळलं. तो कप दोन्ही हातांत धरून उभा राहिला. चहा संपल्यावर सवयीनं बादलीकडे वळला, मग त्याच्या लक्षात आलं की कागदी कप कोणी विसळत नाही. त्यानं तो घडी करून खिशात घातला. मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या अल्बमची गोष्ट इथून सुरू होते. पुण्याच्या त्या गाण्यांच्या कंपनीचा इंद्रजित नावाचा माणूस त्याच्या मागे लागला होता. बारीक दाढी, गोड बोलणं, आणि दिवसातून तीन फोन. गावी चक्कर मारली की माझ्या दुकानात बसून संघर्ष स्पीकरवर बोलायचा, म्हणून मलाही सगळं पाठ आहे. इंद्रजित म्हणायचा, "संघर्ष, पहिल्यासारखंच पाहिजे. फक्त नवीन पाहिजे." मी म्हटलं, हे तर माझी सगळीच गिऱ्हाइकं म्हणतात, त्यांना मी जुन्या फ्लेक्सचा रंग बदलून देतो. संघर्ष हसला नाही.

पुण्यातल्या स्टुडिओत बसून त्यानं काही गाणी केली होती. ती त्यानं मला ऐकवली. एका गाण्यात गाडी काळी होती, काच काळी होती, चष्मा काळा होता. दुसऱ्यात विमान होतं. मी विचारलं, "अरे, विमानात तुला खिडकी मिळाली होती का?" म्हणाला, "नाही, मधली सीट होती." मी म्हटलं, मग तेच लिही ना. मधल्या सीटवर बसून दोन्हीकडच्या माणसांच्या कोपरांची भांडणं कशी सोसली, ते लिही. तो म्हणाला, "चारूभाऊ, इंद्रजितदादा म्हणते की लोकाहिले मोठं पाहिजे." मला मोठं म्हणजे फूट बाय फूट एवढंच समजतं.

शेवटी तो म्हणाला, जिथं पहिली गाणी भेटली तिथंच दुसरी भेटतील, आणि लोहाऱ्यात येऊन राहिला. आणि इथं तर भलतीच पंचाईत झाली. गावाला कळलं होतं ना, की हा ऐकतो आणि गाण्यात टाकतो! प्रत्येकाला गाण्यात जायचं होतं. किराणावाले नागोराव याला बघून तराजू सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "घे रे संघर्ष, साबण अन् सोडा, माह्या दुकानात भाव हाये थोडा!" आणि वर विचारलं, "लिहून घेतलं ना?" एसटीचा कंडक्टर तिकीट फाडता फाडता ओरडला, "पुढं चला, पुढं चला, संघर्ष आपल्या गाडीत आला!" एका गल्लीत दोघांचं नालीवरून चांगलं भांडण रंगलं होतं. संघर्ष दिसताच एकानं आवाज लावला, "तुह्या नालीचं पाणी माह्या दारात!" दुसरा तोंड उघडून उभा राहिला, बोटं मोडली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "थांब जरासा, जमून नाही राह्यलं." भांडण तिथंच मोडलं.

घरी आल्यावर त्यानं आईला म्हटलं, आई, तू तरी मला नीट रागव. दीपमालाताई म्हणाल्या, "थांब, साडी बदलू दे."

असे दिवस चालले. त्याचा चेहरा उतरला. फोन वाजला की तो दचकायचा. रोज एकदा टपरीवर जायचा, कागदी कपात चहा प्यायचा, 'मावशी' म्हणायचा, आणि ती 'बोला' म्हणायची. बोलायला तर तो आलेला असायचा, पण 'बोला' ऐकल्यावर त्याच्या तोंडून काही निघत नसे.

तेवढ्यात मुख्य पाइपलाइन फुटली. उकंडाकाकांना सूचना द्यायचं काम आलं आणि नेमका त्यांच्या बोलणाऱ्याचा घसा बसला. ते संघर्षकडे आले. "तू मोठा माणूस झाला, पण गावाले पाणी नाही बाप्पा. येतो का?" संघर्षनं उडीच मारली. पडद्यामागे बसलं की कोणी बघणार नाही, कोणी यमक जुळवणार नाही, एवढंच त्याला हवं होतं.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मी दुकानात कॉम्प्युटरवर एका उमेदवाराच्या दाढीतले पांढरे केस काळे करत होतो. बाहेरून आवाज आला, "समस्त नागरिकांना कळविण्यात येते की, पाइपलाइन फुटल्यामुळे आज आणि उद्या नळाला पाणी येणार नाही. पाणी जपून वापरावे." जुना, खणखणीत आवाज. मला बरं वाटलं.

सूचना संपली की भोंग्यातून 'टक' असा आवाज येतो. बोलणारा माइकचं बटण बंद करतो त्याचा. बोलणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच, की बोलणं संपलं की बटण. संघर्षनं वर्षानुवर्षं ते केलं होतं. पण मधल्या काळात त्याला पुण्याच्या स्टुडिओची सवय लागली होती. तिथं काचेपलीकडे माणूस बसतो, माइक तोच चालू करतो आणि तोच बंद करतो. आपण नुसतं बोलायचं.

टक झालं नाही.

भोंग्यातून उकंडाकाकांचा आवाज आला. "काहून बे, बारीक झाला तू. पुण्यात खाले नाही देत का?"

"देतात काका. गाणंच नाही सुचून राह्यलं."

मी माउस सोडला. रस्त्यावरची माणसं थांबली.

"पहिले तं ह्याच रस्त्यावर भेटत होतं," संघर्ष सांगत होता, दोन्ही भोंग्यांतून, पुढच्याही आणि मागच्याही. "आता इथं कोणी सरळ बोलूनच नाही राह्यलं. ते नागोरावकाका यमकाबिगर साबण देत नाहीत. अन् यमक असं असते, की साबण वापस करावं वाटते."

समोरच्या दुकानात नागोराव हातात साखरेचं माप घेऊन उभे होते. साखर खाली सांडत होती.

"अन् त्या चारूभाऊनं फ्लेक्सवर मले एवढं गोरं केलं, एवढं गोरं केलं, माही मायच म्हणे हा कोण्या पार्टीचा उमेदवार हाये?"

हे मला लागलं. ब्राइटनेस मी थोडा वाढवला होता, नाही म्हणत नाही. पण ते आमच्या धंद्यात करावंच लागतं.

ऑटो हळूहळू फाटकाकडे चालला होता. माणसं त्याच्या मागे चालायला लागली, पाय न वाजवता. मीही शटर अर्धं ओढून निघालो.

"काका, खरं सांगू का तुमाले?" आवाज आता खाली आला होता, पण भोंगा लहान आवाजही मोठा करतो. "माहं एकच गाणं चाललं. अन् ते बी माहं नाही. तुळसामावशीचं हाये. आपण तिच्यापाशी ऑटो लावत होतो, ती त्या पोट्ट्याहिले बोलत होती, मी ऐकत होतो. ऐकलं अन् घेऊन गेलो. नेऊ का म्हणून इचारलं बी नाही. लोकं म्हणतात, काय लिहिलं बे तू! मी हाव म्हणतो. मी कायचं लिहिलं? आता मावशी मले कागदाच्या कपात चहा देते. पुण्यात लोकं माह्यासंगं फोटो काढतात, अन् इथं मले ग्लास नाही. मले भेव वाटून राह्यलं काका. मले वाटते, माह्यापाशी माहं असं काही हायेच नाही."

कोणी हसलं नाही. त्याचा आवाज फुटला होता आणि ते सगळ्या लोहाऱ्याला ऐकू गेलं होतं.

इंजिनाच्या फटफटीत दोघांनाही पत्ता नव्हता; उकंडाकाकांना मागच्या भोंग्यातून स्वतःचाच खोकला ऐकू आला तेव्हा त्यांना कळलं. "अबे! बटण! बटण बंद कर बे!" हेही गावानं ऐकलं. पण तोपर्यंत उशीर झाला होता, कारण ऑटोसमोर, रस्त्याच्या मधोमध, हातात सांडशी घेऊन तुळसाबाई उभी होती.

"उतर खाली."

पडदा बाजूला झाला. संघर्ष उतरला. हातात माइक, वायर ताणलेली, बटण अजून चालूच. त्याच्या तोंडावर धूळ होती आणि धुळीतून पाण्याच्या दोन रेघा.

"काहून रे संघर्ष्या," तुळसाबाई म्हणाली, आणि ते दोन्ही भोंग्यांतून एमआयडीसीच्या शेवटच्या शेडपर्यंत गेलं, "गावाले पाणी नाही म्हणून सांगाले निघाला, अन् सोता डोळ्यातून नळ सोडून बसला? माह्याबद्दल बोलाचं हाये तं मले येऊन बोल. ह्या लोखंडाच्या नळकांड्यातून कायले बोलतो? मी काय बहिरी हाये? रोज येऊन मावशी म्हणत होता अन् मुक्यावाणी उभा राहत होता, तवा कुठं गेलती जीभ?"

"मावशी, तू 'बोला' म्हणत होती ना..."

"मंग काय पूजा करू तुही? माहं बोलणं नेलं तं नेलं. बोलणं काय, माह्यापाशी लय हाये. पण ते कोणाले म्हणत होतो मी? रातभर राबून तोंडावर रुई घेऊन येते त्याले म्हणत होतो. तू ते तोंड धुतलेल्याहिले नेऊन वाटलं. आता ज्याले गरज हाये त्याले म्हणालो तं तो बी मोबाइल काढते अन् हासते. माहं तोंड बंद करून टाकलं तुह्या गाण्यानं!"

गर्दीत एका पोरानं मोबाइल वर केलाच होता. तिनं सांडशी त्याच्याकडे वळवली. "ठेव खिशात. तुह्या मायले ओळखतो मी." मोबाइल खिशात गेला, आणि त्याच्याबरोबर आणखी पाच-सहा मोबाइल आपापल्या खिशात गेले.

संघर्ष खाली मान घालून उभा होता. "चुकलं मावशी."

तुळसाबाईनं त्याच्याकडे बघितलं. मग बादलीकडे बोट केलं.

"पहिले तोंड धू."

तो बादलीकडे गेला, तांब्या भरला.

"एकच तांब्या घेजो," ती मागून ओरडली. "दोन दिवस नळ नाही, आत्ताच ना सांगून गेला तू?"

आता मात्र सगळे हसले. उकंडाकाकांनी पुढे होऊन बटण बंद केलं. टक.

मला वाटलं, झालं, मिटलं, आता ग्लास मिळणार. संघर्षलाही वाटलं असावं, कारण तोंड पुसता पुसता त्याची नजर ग्लासांच्या ओळीवर होती. तुळसाबाईनं चहा ओतला, कागदी कपात, आणि त्याच्या हातात दिला. "असा पाहू नको माह्याकडं. म्हणे माहं असं काही हायेच नाही. हाये का नाही, ते करून आण. मंग ग्लासाचं पाहू."

त्यानंतर तो आठ-पंधरा दिवस कोणाला दिसला नाही. पुण्याला गेला नव्हता. उकंडाकाकांचा ऑटो त्यांच्या अंगणात चादरी बांधून उभा होता एवढं मात्र लोकांनी बघितलं. त्या काळात काका सायकलवर फिरत होते आणि विचारलं तर 'गाडी कामाले गेली' म्हणत होते. नागोरावांनी यमकं थांबवली. ते अजून रागात आहेत, पण साबण सरळ देतात.

एका दुपारी, टपरीवर सामसूम असते तेव्हा, मी चहा पीत बसलो होतो. संघर्ष आला. मोबाइल पुढे केला. "मावशी, तयार झालं. 'बटण बंद कर' नाव हाये. इंद्रजितदादाले अजून धाडलं नाही. पहिले तुले ऐकवाचं होतं."

तुळसाबाईनं हात पुसले आणि मोबाइल कानाशी धरला. मी जवळ सरकलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण कव्हर मलाच करायचं होतं. पहिलं गाणं लागलं:

"कळविण्यात येते की माणूस हरवला,
उंची माह्याएवढी, चेहरा माहावाला,
सापडला कोणाले तं हात धरून आणा,
ऑटो उभा हाये, घरी चाल म्हणा!"

मग एक विमानातलं होतं, मधल्या सीटचं. त्यात दोन्हीकडच्या कोपरांचं भांडण होतं. मला आनंद झाला. एक आईचं होतं, जी रागवायच्या आधी साडी बदलायला जाते. तुळसाबाईच्या तोंडावरची रेघ हलली नाही. मधेच फोन वाजला, इंद्रजितचा. संघर्षनं तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला.

शेवटच्या गाण्यात टपरी होती, बादली होती, रुई होती, कागदी कप होता. आणि मग एकदम बोलणं थांबलं. नुसता ठेका चालू राहिला.

"खराब झाला का हा?" तुळसाबाईनं मोबाइल हलवून बघितला.

"नाही मावशी. ते तुही जागा हाये. तुले इचारल्याबिगर तिथं काही ठेवलं नाही."

ती ऐकत राहिली. ठेका चालला आणि मग त्याचं बोलणं पुन्हा सुरू झालं. तिनं मोबाइल त्याला परत दिला.

"मोकळीच राहू दे ते जागा," ती म्हणाली. "ज्याले समजाचं त्याले समजन."

तो अल्बम पुढे किती चालला हे तुम्हाला मोबाइलवर बघता येईल. पहिल्याएवढा नाही चालला, असं नागोराव प्रत्येक गिऱ्हाइकाला समाधानानं सांगतात. इंद्रजितनं त्या मोकळ्या जागेवरून बराच वाद घातला म्हणे. ते त्यांचं ते बघतील. मी सांगतोय ते मोबाइलवर दिसत नाही.

तुळसाबाई चुलीकडे वळली. चहा उकळला, गाळला. तिचा हात कागदी कपांच्या चवडीवरून गेला आणि पुढे गेला. काचेचा ग्लास उचलला, भरला, संघर्षच्या पुढ्यात ठेवला. चहा गरम होता, त्याचं बोट भाजत असणार, पण त्यानं ग्लास खाली ठेवला नाही. शेवटच्या घोटापर्यंत हातातच धरला. मग उठला, बादलीशी गेला, ग्लास विसळला आणि फळीवर उपडा घातला.

तुळसाबाईनं तो उचलला, उन्हात धरून फिरवून बघितला.

"बुडाले साखर तशीच हाये. परत विसळ."

त्याच्या नावाचे एवढे फ्लेक्स मी छापले, वीस फुटी छापले, माळा घातलेले छापले. पण तो ग्लास परत हातात घेताना पोराच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो माझ्या एकाही फ्लेक्सवर नाही. त्यानं परत विसळला, आणि मग माझाही घेतला.